सील लागलेला डीप फ्रीझर

मित्रांनो, मी एक जुना डीप फ्रीझर आहे. माझ्या अंगावर पितळी पाटी आहे, तिच्यावर एका परक्या सरकारचं नाव. त्या सरकारने मला म्हैसूरच्या एका विद्यापीठाला भेट दिलं, तेव्हा हार घालून, म्हैसूरपाक वाटून माझं स्वागत झालं होतं.

पंधरा वर्षं मी इमानाने गारठलो. शेवटची चार वर्षं पीएचडी करणाऱ्या वेदवतीसाठी. रेशीमकिड्यांच्या रोगाचे नमुने तिने गावोगाव हिंडून जमवले आणि माझ्या पोटात ठेवले. तिचा सगळा प्रबंध त्यांच्यावरच होता. ते नमुने पुन्हा मिळणारे नव्हते.

मग आपल्या सरकारचा हुकूम आला: परक्या सरकारशी लागेबांधे असलेल्या विद्यापीठाला अनुदान नाही. विभागप्रमुख घाबरले. चौकशी होईतो माझ्या दाराला लाखेचं सील आणि खोलीला कुलूप. वीज तेवढी चालू ठेवली. नमुने तरी काढून घेते, असं वेदवती विनवत होती. चौकशीतली वस्तू उघडायची नाही, असं उत्तर मिळालं. अहो, मी काय हेरगिरी करणार? बर्फ करतो मी, बर्फ!

ती रोज यायची, बंद दाराबाहेर उभी राहून माझी घरघर ऐकायची आणि जायची. खोलीत मी कोंडलेला, माझ्यात तिची चार वर्षं कोंडलेली. जीव नुसता घुसमटायचा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा आली. त्या दिवशी एकही यंत्र पूजेवाचून ठेवायचं नाही, हा इथला रिवाज. तिच्या अर्जाला न मिळालेली किल्ली पूजेला लगेच मिळाली. विभागाचा म्हातारा शिपाई गुंडू आला. त्याने मला पुसलं, कुंकू लावलं, झेंडू खोवला. पूजेनंतर तो सगळी यंत्रं बंद ठेवायचा. ह्याला नको, म्हणून दरवर्षी वेदवती आडवी यायची. यंदा ती परवानगीसाठी बेंगळुरूला गेली होती. सील लागलंय म्हणजे आत काही नसणार, असं गुंडूने धरलं.

"वर्षभर राबतोस की रे. आज सुम्ने, निवांत बस," म्हणत त्याने मायेने माझं बटण बंद केलं.

दोन दिवस सुट्टी होती. माझ्या पोटातला बर्फ वितळत होता आणि मला ओरडता येत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वेदवती परवानगीचा कागद घेऊन आली. सील फोडलं. कोमट पाणी तिच्या पायांवर आलं. बटण आपणच बंद केल्याचं सांगत गुंडू फडक्याने पाणी टिपू लागला.

ती म्हणाली, "तुम्ही निदान ह्या फ्रीझरची विचारपूस तरी केलीत, गुंडण्णा. बाकी कोणी आत काय आहे, तेसुद्धा विचारलं नाही."

चौकशी संपली, अडकलेलं अनुदान मिळालं. आता माझ्याशेजारी नवा फ्रीझर आलाय, देशी. त्यात वेदवतीच्या नावाचा कप्पा आहे. रिकामा. मित्रांनो, कुलूप लावायचं तर खुशाल लावा. पण आधी दार उघडून आत कोणाचं काय आहे, ते बघा.