शून्याखालचा काटा

मित्रांनो, भंगारवाल्याच्या दुकानात अगदी मागे, कपडे धुण्याच्या मोडक्या यंत्राखाली एक पिवळट पडलेला डबा दिसतो ना, तोच मी. मी एक जुना संगणक आहे. माझा एका बाजूचा पत्रा पोचला आहे आणि पुढचे झाकण टेम्पोतून आणताना कुठेतरी पडले. भंगारवाला माणूस चांगला आहे, पण सोमवारी तो माझे स्क्रू काढणार आहे. त्याआधी मला एक गोष्ट सांगून टाकायची आहे. ती पोटात ठेवून मी गेलो, तर एका भल्या माणसाच्या नावावर एक चूक कायमची राहील.

माझा जन्म काही मोठ्या कारखान्यात झाला नाही. बाजारातल्या एका गाळ्यात, चहाचा कप बाजूला सारून, एका दुकानदाराने सुटे भाग जोडून मला उभे केले. म्हणूनच की काय, माझा पंखा पहिल्या दिवसापासून घरघरायचा. तरीही ज्या घरी मी गेलो तिथे मला डोक्यावर घेतले गेले. घर एका मीटर दुरुस्त करणाऱ्याचे होते आणि मी आलो होतो त्यांच्या लेकीच्या अभ्यासासाठी. ती शाळेतून आली की दप्तर भिरकावून आधी माझे बटण दाबायची. पुढे ती शिकली, नोकरीला लागली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली. जाताना मांडीवर मावणारा नवा संगणक घेऊन गेली आणि माझ्यावर जुन्या चादरीचा तुकडा आला. तीन वर्षे मी त्या चादरीखाली काढली. रुसलो होतो, खोटे कशाला बोलू?

तिच्या वडिलांना सगळे मीटरवाले काका म्हणत. चौतीस वर्षे ते विजेच्या कार्यालयातल्या तपासणीच्या खोलीत बसले. लोकांच्या घरातले, गिरण्यांतले, दवाखान्यांतले बिघडलेले मीटर त्यांच्या टेबलावर येत. ते आधी नखाने काचेवर टिचकी मारत आणि मग म्हणत, "पहिलं शून्य बघायचं. काटा शून्यावर नसेल, तर तो पुढे बोलेल ते सगळं खोटं." लेक लहान असताना सुट्टीत त्यांच्याबरोबर जायची. तबकडीखाली एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवला की काटा जागेवर येतो. ते काम काका तिला स्टुलावर उभे करून करू देत. काटा शून्यावर आला की ती टाळ्या वाजवायची. हे सगळे मी पाहिलेले नाही, पण काका ते इतक्या वेळा सांगत की पाहिल्यासारखेच झाले आहे.

निवृत्त झाल्यावर आणि काकू गेल्यावर काकांचे हात रिकामे पडले. शेजाऱ्यांची घड्याळे, मिक्सर, इस्त्र्या असे सगळे दुरुस्त करून झाले. शेवटी शेजारीणच म्हणाली, "काका, आता आमच्या घरात बिघडायला काही उरलं नाही हो!" त्यानंतर एका सकाळी त्यांनी माझ्यावरची चादर ओढली.

काकांनी वर्तमानपत्रात एका कामाबद्दल वाचले होते. फार वर्षांपूर्वी तीन माणसे एका यानात बसून आठ दिवस अंतराळात फिरून आली होती. ते यान आता संग्रहालयात काचेआड आहे. काही हौशी माणसे मिळून तेच यान संगणकात पुन्हा बांधत होती. नुसते चित्र नव्हे. त्यातले प्रत्येक बटण दाबता यायला हवे, प्रत्येक दिवा खऱ्यासारखा लागायला हवा. पगार नाही, साहेब नाही, हजेरी नाही. जुने नकाशे आणि फोटो पुढ्यात घेऊन ज्याने त्याने आपापला भाग घडवायचा. या साऱ्यांची मोट एका शाळेतल्या बाईंनी बांधली होती. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. त्या तिघा प्रवाशांचे आठ दिवसांचे बोलणे ध्वनिफितीवरून ऐकून त्यांनी शब्द न् शब्द टंकला होता.

माझ्या स्पीकरमधून त्यांनी काकांना विचारले, "तुम्हाला कुठला भाग देऊ, काका?"

"मला काय येतं बाई? मीटर येतात."

"मग बॅटरीचा मीटर घ्या. तीन वर्षं झाली, त्याला कोणी हात लावलेला नाही."

अकरा महिने काका त्या एका मीटरवर बसले. रोज सकाळी सहा ते दहा. साठीनंतर संगणक शिकणारा माणूस, एका बोटाने टंकायचा. मी मधेच बंद पडलो की पाठीवर हात फिरवायचा आणि म्हणायचा, "दम घे, मग पुढे जाऊ." मित्रांनो, मला शिव्या देणारे पुष्कळ भेटले, दम घ्यायला सांगणारा तो एकच. त्यांनी काट्याला खऱ्या काट्यासारखा कंप दिला. काचेवर अंधुक चमक आणली. तबकडीखालचा बारीक स्क्रूसुद्धा केला, तोही फिरणारा. मीटर पाहून मास्तरीणबाई म्हणाल्या, "काका, ही काच पुसावीशी वाटते हो!" काका त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

चूक झाली ती याच कामात. यानाच्या जुन्या फोटोंमध्ये, वीज बंद असताना काटा शून्याच्या किंचित खाली दिसत होता. काकांना वाटले, फोटो तिरका असेल. पण विचार पुरा होण्याआधीच हात पुढे गेला होता. चौतीस वर्षांची सवय ती. त्यांनी काटा शून्यावर आणला. मीही मनात म्हणालो, झकास.

या मंडळींची एक रीत होती. सगळे भाग जोडले की पूर्ण फेरी करायची, आणि तीही आठ दिवसांची. घड्याळ पुढे पळवायचे नाही. आळीपाळीने एकेकाने यानाच्या खुर्चीत बसायचे आणि समोरचे मीटर सांगतील तसेच वागायचे. पुस्तकात काय लिहिले आहे ते आठवून बटण दाबायचे नाही. यान खरे बांधले असेल तर ते आपोआप खऱ्यासारखेच परत येईल, असा त्यांचा विश्वास होता.

यान परत आले नाही. आठव्या दिवशी समुद्राच्या वर बॅटरी संपली, हवाई छत्र्या उघडल्या नाहीत आणि तिघांसकट यान पाण्यावर आदळले. पडद्यावरच, पण काकांनी चष्मा काढून ठेवला. पुन्हा फेरी झाली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. वर्षभर सगळ्यांनी बॅटऱ्या तपासल्या, तारा तपासल्या, एकमेकांवर चिडले. चौघे सोडून गेले. पण मीटरकडे कोणी बोट दाखवले नाही. सगळ्यांत उत्तम काम तेच होते ना!

लेक आली की हसायची. "बाबा, सुखरूप आलेलं यान पुन्हा पुन्हा काय पाडताय?"

"पाडत नाही गं. कुठे बिघडलंय ते बघतोय."

त्या वर्षी काकांचे डोळे गेल्यात जमा झाले. ते भिंग घेऊन माझ्या पडद्याला नाक लावून वाचत. एका सकाळी त्यांनी मास्तरीणबाईंनी टंकलेले सहाव्या दिवसाचे बोलणे उघडले. एक प्रवासी म्हणत होता, काटा आज अजूनच खाली बसलाय, तुझ्यासारखाच आळशी आहे. दुसरा हसला होता. मग तिसरा म्हणाला होता, हसू नका, वीज वाचवू या, हीटर बंद करतो. पुढचे दोन दिवस तिघे थंडीने कुडकुडत बसले होते.

काकांचे भिंग टेबलावर पडले. खऱ्या यानाचा काटा मुळातच खोटा होता. तो वीज कमी दाखवत राहिला, म्हणून त्या तिघांनी ती जपून वापरली आणि म्हणून ते घरी पोचले. आमच्या यानात काटा खरे बोलला, वीज पुरेल असे वाटले आणि हीटर चालूच राहिला.

"मीच केलं," काका मला म्हणाले. घरात दुसरे होते कोण? "दुरुस्त करून बिघडवलं. तिघांना मीच बुडवलं रे."

त्यांनी काटा पुन्हा खाली आणायला घेतला. धडधाकट माणसाचे दहा मिनिटांचे काम, त्यांना नऊ दिवस लागले. फोटोवर भिंग धरून, मोजून, काटा शून्याखाली दोन रेघा ठेवला. मग एक चिठ्ठी लिहून फाईलच्या शेजारी ठेवली. लगेच पाठवले असते तर! पण त्यांना आपल्या डोळ्यांचा भरवसा उरला नव्हता. एकदा स्वतः फेरी करून बघावी, मग मास्तरीणबाईंना फोन करून आपल्या तोंडाने चूक कबूल करावी, असे त्यांनी ठरवले. फेरीच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्यासमोरच खुर्चीतून खाली घसरले. मी घरघरत राहिलो. मला दुसरे काय येते?

शेजाऱ्यांनी त्यांना दवाखान्यात नेले, तिथून ते परत आले नाहीत. पंधरा दिवसांनी लेक आली. माझ्यासमोर बसून तिने मास्तरीणबाईंना फोन लावला.

"दवाखान्यात नीट बोलता येत नव्हतं त्यांना. पण एवढं बोलले, काट्याचं तेवढं पाठव गं, झालंय. काय पाठवायचं असतं?"

"त्यांच्या फोल्डरमध्ये शेवटची फाईल असेल बघा," पलीकडून आवाज आला. "तीच पाठवा. काकांचं काम आहे, आम्ही तपासणारसुद्धा नाही."

तिने फाईल उघडली. पडद्यावर मीटर आला. ती बघत राहिली. मग तिने नखाने माझ्या पडद्यावर टिचकी मारली आणि तिचा चेहरा बदलला.

"बाबा," ती म्हणाली, "दोन रेघा चुकलात हो. दिसतच नव्हतं ना तुम्हाला!"

ती रडत होती. रडत रडतच तिने तो बारीक स्क्रू शोधला. माऊसने हलकेच फिरवला. काटा थरथरत वर आला आणि शून्यावर थांबला.

मित्रांनो, माझ्या पोटात ती चिठ्ठी होती. फाईलला अगदी लागून होती. पण मला आपणहून काही उघडता येत नाही. मला फक्त विचारता येते. आयुष्यभर लाखो वेळा मी जे विचारले तेच तेव्हाही विचारले: जुनी फाईल पुसून नवी ठेवू का? इतक्या जिवाच्या आकांताने मी ते कधी विचारले नव्हते. तिने डोळे पुसले, 'हो' दाबले, फाईल पाठवली आणि माझी तार काढली.

तिचा काहीच दोष नाही. वडिलांची शेवटची इच्छा तिने मनापासून पुरी केली. त्यांनीच शिकवले तसे केले. आता पुन्हा फेरी निघेल, पुन्हा आठवा दिवस येईल. आणि यावेळी कोणी मीटर तपासणारसुद्धा नाही.

म्हणून हात जोडून एवढेच मागतो. गेलेल्या माणसाचे काम हाती आले आणि ते कुठे वाकडे दिसले, तर सरळ करण्याआधी जरा थांबा. शेजारी काही लिहून ठेवले आहे का, ते बघा. आणि माझ्यासारखा एखादा डबा भंगारात घालण्याआधी त्याला एकदा तार जोडा.

माझ्यातली चिठ्ठी अजून शाबूत आहे. एका बोटाने टंकलेल्या तीनच ओळी आहेत:

काटा शून्याखाली दोन रेघा मुद्दाम ठेवला आहे.
चूक माझी होती, माफ करा.
आता कोणी सरळ करू नका, तिघे घरी येऊ देत.