पाठदुखीचं इंजेक्शन

आमच्या इजिप्तच्या दुमयात शहरात गरोदर बाईची बातमी पोट स्वतः सांगेपर्यंत कुणी सांगत नाही. पोटानं सांगितली तरी शहाण्या माणसानं न ऐकल्यासारखं करावं. नजर लागते. तुम्हाला पटत नसेल तर नका पटवून घेऊ, माझा नवा पंखा समोरच्या दारातल्या वाएलच्या आईनं "किती छान वारा देतो गं!" म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत जळाला, तेवढा पुरावा मला पुरतो.

माझ्या सुनेला, नशवाला, पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा माझ्या मुरादला आनंद आवरला नाही. तो फर्निचरच्या कारखान्यात पलंगांच्या डोक्याकडच्या फळ्यांवर वेलबुट्टी कोरतो. त्यानं सगळ्या कारखान्यात मिठाई वाटली. बाळ सातव्या महिन्यात आलं आणि राहिलं नाही. नशवा त्यानंतर कितीतरी दिवस भिंतीकडे तोंड करून निजायची. जेवण तिच्या उशाशी ठेवायचं आणि तसंच उचलून आणायचं, हेच माझं काम झालं होतं.

म्हणून दुसऱ्या खेपेला मी घरात बजावलं की कुणी तोंड उघडायचं नाही. मुराद म्हणाला, "आई, हे नजरेमुळे होत नाही." मी म्हटलं, "होत नसेल तर गप्प बसण्यानं तुझं काय जातं?"

डॉक्टरीणबाई इजलाल मात्र नजरेचं नाव काढणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "एकदा लवकर बाळंत झालेल्या बाईला पुन्हा तसंच होण्याचा धोका असतो. तो कमी करायला हिला दर आठवड्याला हॉर्मोनचं इंजेक्शन देऊ. शरीर ते बनवतंच, गर्भाशयाला शांत ठेवायला. आपण वरून थोडी भर घालायची."

"म्हणजे बाळ टिकणार ना?" मी विचारलं.

"मावशी, टिकवणारा देव. धोका कमी करायचं बघणं माझं काम. मात्र आठवडा चुकवायचा नाही हं."

झालं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली तहानी दर गुरुवारी जिना चढून यायला लागली. इंजेक्शन तेलासारखं घट्ट. ती बाटली आधी तळहातांत चोळून कोमट करायची, मग सावकाश टोचायची, एका आठवड्याला उजवीकडे, दुसऱ्याला डावीकडे. नशवा ओठ चावून पडायची आणि नंतर दोन दिवस त्या कुशीवर वळायची नाही. पण कधी "नको" म्हणाली नाही.

आमच्या जिन्यावरून मांजर गेलं तरी चार दारं उघडतात. तहानी दर आठवड्याला कशाला येते, असं वाएलच्या आईनं विचारलंच. "नशवाची पाठ धरलीय," मी सांगितलं. "पाठदुखीचं इंजेक्शन आहे." ती म्हणाली, "अरेरे, बिचारी!" आणि दुसऱ्या दिवशी कापराचं तेल पाठवून दिलं. मग शेक घ्यायला वाळूची पिशवी पाठवली. मग कुठल्याशा हाडवैद्याचा पत्ता. मी प्रत्येक वेळी गोड हसून घ्यायची आणि दार लावल्यावर म्हणायची, "हिला दुसऱ्याच्या सुनेच्या पाठीशिवाय उद्योग नाही." नशवा हसायची. ती हसली की मला बरं वाटायचं.

असं करत सहावा महिना सरत आला आणि बकरी ईद आली.

ईद गुरुवारी. तहानी बुधवारी येऊन टोचून जाणार होती. पण तिच्या गावी सासरा आजारी पडला आणि ती मंगळवारीच निघून गेली, आम्हाला निरोपसुद्धा उशिरा मिळाला. दुकानात मागे राहिले दोन पुरुष, आणि नशवानं परक्या पुरुषाकडून कमरेखाली टोचून घेणं शक्यच नव्हतं. डॉक्टरीणबाईंचा दवाखाना सणाला बंद. मुराद फोनवर फोन करत होता. आमच्याकडे ईदला माणसं भेटतच नाहीत. जी भेटतात ती तोंडात घास घेऊन बोलतात.

शुक्रवारी सकाळी नशवा म्हणाली, "आई, पोट कडक झाल्यासारखं वाटतंय." आणि माझ्याकडे बघत राहिली. मागच्या वेळीही तिनं पहिल्यांदा हेच सांगितलं होतं.

सगळ्या इमारतीत टोचू शकणारी एकच बाई होती. हनाया, सरकारी इस्पितळातली नर्स. वाएलच्या आईची सून.

मी दाराशी उभी राहिले आणि आत आले. पुन्हा गेले, पुन्हा आले. मुराद म्हणाला, "मी सांगू का जाऊन?" मी ओरडले, "तू बस खाली!" मग ताटात कुर्बानीचं मटण घेतलं, त्यावर फडकं टाकलं आणि समोरचं दार वाजवलं. रिकाम्या हातानं एवढी मोठी गोष्ट सांगायला कसं जायचं?

वाएलच्या आईनं दार उघडलं. ताटाकडे बघितलं, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि आत हाक मारली, "हनाया, हात धू गं! लांबच्या गावची माणसं आली एकदाची!"

"कसली लांबच्या गावची?" मी म्हटलं.

"समोरच राहून एवढ्या लांबून आलीस म्हणून म्हटलं. तहानी मंगळवारी पिशवी घेऊन गेली ते मी बघितलं. कालपासून वाट बघतेय. ही पोर कालच येणार होती तुझ्याकडे, मीच थांबवलं. म्हटलं, तिनं लपवलंय, तिनंच उघडावं."

"तुला... तुला माहीत होतं?"

"अगं बाई, दर महिन्याला तुझ्या दोरीवर नशवाचा झगा आधीपेक्षा ढगळ. पाठ दुखली म्हणून कुणाचे झगे वाढतात का? सगळ्या इमारतीला माहीत आहे. विचारायला येणाऱ्या प्रत्येकीला मीच सांगते, पाठदुखी आहे म्हणून. तेल उगाच पाठवलं का मी? लोकांना दिसायला नको?"

ती थांबली नाही. आवाज जरा खाली आला, तेवढंच.

"आणि नशवा जिन्यात दिसली की मी खाली बघते. कितीतरी महिने झाले, तुझ्या सुनेचं तोंड धड बघितलं नाही मी. माझ्या नजरेबद्दल तुम्ही सगळ्या काय बोलता, ते मला कळत नाही असं वाटतं तुला?"

मला इतकी लाज वाटली की ताट तिच्या हातात कोंबण्याखेरीज काही सुचलं नाही. मग तिचं मनगट धरलं. "चल."

"मी नाही येत. हनाया जाईल."

"चल म्हणते ना!"

आमच्या घरी येऊन हनायानं मुरादनं दुकानातून आणून ठेवलेली बाटली हातांत कोमट केली. "मागच्या आठवड्याला कुठली बाजू?" तिनं विचारलं. "डावी," नशवा म्हणाली, आणि उजव्या बाजूला सावकाश इंजेक्शन गेलं. मग हनायानं पोटावर हात ठेवून बराच वेळ वाट बघितली. "आता सैल आहे. पण नुसत्या या सुईवर बसायचं नाही. डॉक्टरांना आजच दाखवायचं." तिनंच इस्पितळात फोन लावून डॉक्टरीणबाईंचा घरचा नंबर मिळवला. त्यांनी दुपारी दवाखाना उघडून तपासलं. गर्भाशयाचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, बाळ जागच्या जागी होतं.

दवाखान्यात निघण्याआधी मात्र मी वाएलच्या आईला नशवासमोर बसवलं होतं. ती जमिनीकडेच बघत होती. "वर बघ," मी म्हटलं. "पोटभर बघ." तिनं बघितलं आणि रडायलाच लागली. नशवा तिला पाणी देत होती.

त्यानंतर आमचा जिना म्हणजे रहदारीचा रस्ता झाला. कुणी कबुतराचं सूप आणायची, कुणी नुसती आज्ञा द्यायला यायची. गुरुवारी तहानी टोचायची आणि वाएलची आई नशवाचा हात धरून बसायची. नववा लागल्यावर डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन बंद केलं. "आता त्याला यायचं तेव्हा येऊ दे."

आणि ते येईना! दिलेली तारीख उलटली. नशवा टोपलीभर कुरकुर करायला लागली. पाय सुजलेत, झोप नाही, छातीत जळजळ, हे लाथा मारतंय, आई, येणार कधी हे एकदाचं? मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले. नवव्या महिन्याची कुरकुर या घरात कुणी कधी ऐकली नव्हती.

"अजून नाही का गं?" वाएलच्या आईनं समोरून हाक दिली.

मी सज्ज्यात गेले आणि गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशी ओरडले, "नाही गं! यायचं नावच घेत नाही!"

रविवारी दुपारी मुलगी झाली. गाल असे गुबगुबीत की डोळे शोधावे लागले. डॉक्टरीणबाईंनी ती सरळ माझ्या हातात दिली. मी तिच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, "बरं केलंस बाई, घाई केली नाहीस."