काचेमागचा शर्ट

जावयाला शर्टाची खरी गोष्ट कळली ती दुकानात, भर दुपारी, एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची दांडी वाकवताना.

दुकान चष्म्यांचं, त्याचं स्वतःचं. गिऱ्हाईक तोंडओळखीचं, अंगाने आडवं, बोलायला मोकळं. त्याच्या अंगात शहरातल्या फुटबॉल क्लबाचा निळा-पिवळा शर्ट होता. क्लबाने आजवर एकदाच मोठा कप जिंकला, त्या वर्षीचा. रंग जरा विटलेला, पण नक्षी तीच.

"छान आहे शर्ट," जावई कौतुकाने म्हणाला. "असाच मी सासऱ्यांसाठी घेतलाय. जुन्या साठ्यातला."

गिऱ्हाईक हसलं, पण ते हसू काही बरं नव्हतं. "जुना साठा म्हणजे? मामाचं दुकान बंद पडलं, गोदामात चार शर्ट राहिले, ते खऱ्या शौकिनाच्याच हाती जावेत अशी मामाची इच्छा?"

जावयाचा हात दांडीवरच थांबला. शर्ट विकणाऱ्याने त्यालाही हेच सांगितलं होतं, शब्द न् शब्द.

"मलाही तीच गोष्ट सांगितली त्या विकणाऱ्याने फोनवर. पहिल्याच धुण्यात पिवळा रंग निळ्यात उतरला. नकली आहे हो. आता आपला घालतो असाच, मंडईत जायला." गिऱ्हाइकाने चष्मा नाकावर चढवला, मान हलवून पाहिली. "मामा मात्र जोरात असणार. त्याचं दुकान रोज बंद पडतं."

गिऱ्हाईक गेलं. जावई स्टुलावर बसून राहिला. दिवसभर दुसऱ्यांच्या काचांवरचे केसाएवढे चरे शोधणारा माणूस तो, पण शर्ट पार्सलमधून निघाला तेव्हा त्याने तो धड उलगडूनही पाहिला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

एरवी त्याने हसण्यावारी नेलं असतं. पण सासरे साधे नव्हते. छापखान्यात नोकरी करून सुट्टीच्या दिवशी त्यांनी उभी हयात मैदानावर रेफ्री म्हणून काढली होती. सगळे त्यांना 'शिट्टीकाका' म्हणत. सख्ख्या भाच्याला त्यांनी ऐन फायनलमध्ये बाहेर काढलं होतं, आणि बहीण कित्येक महिने त्यांच्या दारात आली नव्हती. असल्या माणसाच्या सत्तराव्या वाढदिवसाला, सगळ्या गोतावळ्यासमोर, जावयाने शर्ट वर धरून सांगितलं होतं, "ओरिजिनल आहे, बाबा. दिवा घेऊन शोधलात तरी दुसरा मिळायचा नाही." कोणी विचारलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण.

सासऱ्यांनी तो अंगात घातला नाही. "असली वस्तू घामाने खराब करायची नाही," म्हणाले आणि काचेच्या फ्रेममध्ये बसवून बैठकीच्या भिंतीवर टांगला.

संध्याकाळी जावई घरी पोचला तर बायको फोन ठेवत होती. चेहरा खुललेला.

"बाबांचं ऐकलंस का? वादळात क्लबाच्या कपडे बदलायच्या खोलीचं छप्पर उडालं ना, त्यासाठी रविवारी लिलाव आहे. बाबा तुझा शर्ट देतायत. म्हणाले, घरात सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे."

"तो... तो कशाला द्यायचा?"

"तुला वाईट वाटेल असं म्हणत होतेच ते. मी म्हटलं, छे, त्याला आनंदच होईल." ती त्याच्याकडे निरखून पाहू लागली. "झाला ना आनंद?"

"झाला की," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. नळ बराच वेळ वाहत राहिला.

नुसता भिंतीवर राहिला असता तर झाकली मूठ सव्वा लाखाची. पण लिलावात कोणीतरी कनवटीचे पैसे मोजून तो घेणार. पहिल्या धुण्यात रंग उतरणार. आणि मग नाव कोणाचं निघणार? शिट्टीकाकांचं.

कदाचित आपला खरा असेलही, असं त्याने स्वतःला बजावलं. मामाने चार नकली विकले म्हणून पाचवा नकलीच असेल असं थोडंच आहे? जेवण झाल्यावर तो खरा-खोटा शर्ट कसा ओळखायचा ते वाचत बसला. छातीवरचं बोधचिन्ह उलट्या बाजूने पाहावं. खऱ्यावर भरतकामाची पाठ साफ असते, नकलीवर दोऱ्यांचं जाळं. शिवण ओढून पाहावी. गळपट्टीचा शिक्का सरळ आहे का, धुण्याच्या सूचनांत स्पेलिंगच्या चुका आहेत का. आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे आतल्या शिवणीत एक चिमुकली पट्टी असते, तिच्यावर त्या मालाचा नंबर. तो नंबर शोधला की तोच शर्ट, त्याच वर्षाचा, समोर यायला हवा. नकली करणारे एकच नंबर हाताला येईल त्यावर छापतात. वाचता वाचता त्याच्या लक्षात आलं, की यातली एकूण एक खूण शर्टाच्या आत आहे. आणि शर्ट काचेच्या आत.

बायकोने दोनदा विचारलं, "काय झालंय?" तो दोनदा म्हणाला, "कुठे काय?"

शनिवारी दुकान लवकर बंद करून तो सासरी गेला. सासूबाईंच्या चष्म्याची नाकावरची गादी बदलायची राहिली होती, हे निमित्त. सासऱ्यांनी दार उघडलं, त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि थेट भिंतीसमोर नेऊन उभं केलं.

"शेवटचं बघून घ्या, जावईबापू. उद्या जातोय तो."

तो काचेला नाक लावून पाहू लागला. बोधचिन्ह किंचित डावीकडे कललेलं होतं का? की फ्रेम कललेली होती? पिवळा पट्टा एका बाजूला जरा रुंद वाटला. काचेत त्याला स्वतःचाच चेहरा दिसत होता, घामेजलेला.

"डोळे भरून आले की काय तुमचे?" सासरे म्हणाले. "अहो, चांगल्या कामाला जातोय."

त्याने मान डोलावली. थोड्या वेळाने सासरे आतल्या खोलीत आडवे झाले, सासूबाई मागच्या दारी कपडे वाळत घालायला गेल्या, आणि घर शांत झालं. जावयाने उठून फ्रेम भिंतीवरून उतरवली, पालथी टेबलावर ठेवली. मागच्या पुठ्ठ्याला बारीक स्क्रू होते. त्याचं हत्यार खिशातच होतं. दुसऱ्या स्क्रूवरून हत्यार निसटलं. आतून खोकल्याचा आवाज आला. तो थांबला. खोकला थांबला. शेवटचा स्क्रू निघाला, पुठ्ठा सुटला, आणि मागून आवाज आला.

"चष्मा माझा बिघडलाय. तो भिंतीवर नाहीये."

सासूबाई रिकामी बादली घेऊन दारात उभ्या होत्या.

चोरी पकडली गेल्यावर माणूस एकतर खोटं बोलतो नाहीतर सगळं ओकून टाकतो. जावयाकडे खोटं बोलायचं त्राण उरलं नव्हतं. त्याने दबक्या आवाजात सगळं सांगितलं. गिऱ्हाईक, मामा, रंग, पट्टी. सासूबाईंनी बादली खाली ठेवली.

"मग बघा की. उघडलंय तर अर्धवट का सोडता?"

शर्ट बाहेर काढून सासूबाईंनी तो उलटा केला. बोधचिन्हाच्या पाठीवर दोऱ्यांचा गुंता, कोळ्याने घर केल्यासारखा. खालच्या शिवणीत चिमुकली पट्टी होती. तिच्यावरचे आकडे इतके बारीक, की जावयाने खिशातलं भिंग काढलं. नंबर फोनवर टाकला आणि वाट पाहत राहिला. कदाचित, अजूनही, कदाचित.

पडद्यावर चित्र आलं. लहान मुलींचा पोहण्याचा पोशाख, गुलाबी, कमरेला झालर.

सासूबाईंनी चष्मा वर करून जवळून पाहिलं. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "हे घालून कप जिंकले होय हे लोक?"

जावयाला हसू येईना. "आता काय करायचं, आई?"

"मला काय विचारता? तुम्ही आणलात, तुम्ही सांगा. आणि आजच सांगा. उद्या तिथे कळलं तर ते तुमच्यावर रागावणार नाहीत, स्वतःवर रागावतील, आणि ते जास्त वाईट. मी ओळखते ना त्यांना."

सासरे तेवढ्यात दारात आलेच. केस विस्कटलेले, डोळ्यांत झोप. टेबलावर उघडी फ्रेम, उलटा शर्ट, हातात भिंग घेतलेला जावई. त्यांनी एकेक गोष्ट नीट पाहिली, घाईने निर्णय द्यायचा नाही ही जुनी सवय.

"बाबा, शर्ट नकली आहे," जावई म्हणाला. "मी न तपासता घेतला आणि सगळ्यांसमोर ओरिजिनल म्हणून सांगितलं. मला परवाच शंका आली होती. तेव्हाच बोलायला हवं होतं."

सासऱ्यांनी शर्ट हातात घेतला. दोऱ्यांच्या गुंत्यावरून अंगठा फिरवला. मग घडी घालून तो वर्तमानपत्रात गुंडाळला.

"चपला घाला," ते शेवटी म्हणाले. "क्लबावर जाऊ."

वाटेत ते झपाझप पुढे निघाले. जावई अर्धं पाऊल मागे चालत होता. शर्ट सासऱ्यांच्या काखेत, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. रस्त्यात दोघातिघांनी त्यांना हाक मारली, "काय शिट्टीकाका, उद्या जोरात ना?" त्यांनी फक्त हात वर केला.

क्लबाच्या हॉलमध्ये टेबलं मांडणं चाललं होतं. सेक्रेटरी शिडीवर चढून मधोमध एक निळा-पिवळा शर्ट टांगत होते. तोच, त्याच वर्षीचा. तो त्यांचा स्वतःचा होता आणि लिलावातली मुख्य वस्तू म्हणून गावभर त्याचे फोटो लागले होते.

"लिलावातून माझं नाव काढून टाका," सासरे म्हणाले. "माझा शर्ट नकली निघाला. मी न बघता देऊ केला, चूक माझी."

"चूक माझी," जावई पुढे होऊन म्हणाला. "आणलेला मी आहे." आवाज चिरकला, पण शब्द बाहेर पडले. टेबलं मांडणारे दोघे थांबून बघू लागले. त्याचे कान तापले.

"असू दे हो, होतं असं," सेक्रेटरी शिडीवरूनच म्हणाले. "कुठून घेतलात?"

"एका माणसाकडून. त्याच्या मामाचं दुकान..."

"बंद पडलं," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी हातातल्या शर्टाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पाहूनच जावयाला सगळं कळलं. आपली लाज झाकायला आलो आणि दुसऱ्याची उघडी केली.

सेक्रेटरी शिडीवरून उतरले. शर्ट उतरवून त्यांनी स्वतःच उलटा केला. पट्टी वाचायला भिंग जावयानेच दिलं. नंबर तोच होता, गुलाबी झालरवाला. सेक्रेटरींनी इकडेतिकडे पाहिलं, आणि आवाज खाली आणला. "काका, हे आपल्या तिघांतच राहू दे. लांबून कोणाला कळतंय? फोटो लागलेत. माणसं याच्यासाठी येणार आहेत. छप्पर तर खरंच घालायचंय ना आपल्याला?"

जावयाने सासऱ्यांकडे पाहिलं. एक क्षण त्याला वाटलं, हे मान्य करतील. छप्पर खरंच उडालं होतं, पोरं खरंच उघड्यावर कपडे बदलत होती. आणि त्याला स्वतःलाही, खरं सांगायचं तर, ते मान्य व्हावंसं वाटलं.

"घेणारा घरी नेऊन धुणार," सासरे म्हणाले. "मग तो छपराकडे वर बघेल तेव्हा काय म्हणेल?"

सेक्रेटरींनी खुर्ची ओढली, बसले, आणि शर्टाची घडी घालत राहिले. एकदा घातली, मोडली, पुन्हा घातली. मग उठून दारावरच्या फळ्याकडे गेले आणि मुख्य वस्तूचं नाव पुसून टाकलं.

दुसऱ्या दिवशीचा लिलाव जेमतेम झाला. बरेच लोक फोटोतला शर्ट नाही म्हणून चहा पिऊन परत गेले. सेक्रेटरींनी उभं राहून कारण सांगितलं, तेव्हा मागच्या रांगेतले दोघे हळूच आपापल्या गळपट्ट्या उलटून पाहू लागले. छपराचं काम अर्ध्या खोलीपुरतं झालं, बाकीच्यावर ताडपत्री आली. जावई शेवटपर्यंत थांबला, खुर्च्या उचलल्या. सासरे त्याच्याशी कामापुरतं बोलले.

घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीन दिवस मला 'कुठे काय' म्हणत होतास. शर्टापेक्षा मला त्याचा राग आलाय." तो तिच्यासमोर मान खाली घालून बसला. तिचं बरोबरच होतं.

पुढचे बरेच दिवस सासरहून फोन आला की बायकोच घेई, आणि तो शेजारी बसून कान देई. बाबा माझ्याबद्दल काही विचारतात का, हे विचारायचं धाडस होत नव्हतं. सासूबाईंच्या तोंडून एवढं कळलं, की शिट्टीकाकांनी तो शर्ट घालून फाटकाला रंग दिला आणि काखेत आवळतो म्हणून कुरकुर केली.

मग एका सकाळी दुकानातल्या फोनवर त्यांचाच आवाज आला.

"रविवारी मॅच आहे. तिकिटं दोन आहेत. येणार का?"

"येतो, बाबा," जावई घाईघाईने म्हणाला. "नक्की येतो."



"या. येताना काही आणू नका."