गवत कोण कापतं?

एमिल हुडाकने गवत कापायचं यंत्र शेडमधून बाहेर ओढलं, फडक्याने त्याचं पातं पुसलं, हिरवळीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि ते पुन्हा आत ढकललं.

कुंपणापलीकडे लू सॅबटीनी कॉफीचा मग घेऊन उभा होता. रोज सकाळी एमिलला एक तरी टोमणा मारल्याशिवाय त्याची कॉफी खाली उतरत नसे.

"हात शिवशिवतायत ना?" लू म्हणाला. "भोग आता. सगळ्या गल्लीला गवतात घातलंस."

"मी फक्त खरं ते बोललो."

"तेच तर. गप्प बसायचं तुला कुणी शिकवलंच नाही."

लूचं काही चुकत नव्हतं. पोलादाचे कारखाने बंद पडल्यापासून या नदीकाठच्या गावांत नेमाने येत ते फक्त झॉम्बींचे सिनेमे काढणारे. पंचक्रोशीतल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी तोंडाला राखाडी रंग फासून मढ्याचं काम केलेलं होतं. त्यामुळे वसंतात रेना मॅकब्राइड ही इथलीच मुलगी दिग्दर्शक होऊन आली आणि तिने गावच्या सभागृहात आपल्या सिनेमाची गोष्ट सांगितली, तेव्हा कुणाला फारसं अप्रूप वाटलं नाही. साथ येते, माणसं मरतात, मेलेली उठतात, सहा महिन्यांनी एक बाई आपल्या ओस पडलेल्या गल्लीत परत येते. ती गल्ली म्हणजे एमिलची गल्ली. कुणाला काही विचारायचंय का, असं रेनाने म्हणायचा अवकाश, एमिल उभा राहिला होता.

"गवत कोण कापतं?"

"म्हणजे?"

"माणसं मरून सहा महिने झाले. पण तुम्हा लोकांच्या सिनेमात घरापुढचं गवत बघावं तर न्हाव्याने कालच भादरल्यासारखं. मढी कापतात का? पेट्रोल पडून पडून खराब होतं, पण नायकाची गाडी पहिल्या किल्लीला सुरू. आणि मेलेल्यांत एकालाही चष्मा कसा नाही? या गावातले मेलेले उठले ना, तर माणसं खायच्या आधी कवळी शोधत बसतील."

सभागृह खदखदून हसलं. रेना तेवढी हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर आहे तुमचं, मिस्टर हुडाक." आठवडाभरात निरोप आला की यंदाच्या उन्हाळ्यात या गल्लीत कुणी गवत कापायचं नाही. लोकांना ते जड गेलं. इथे गवत घोट्याच्या वर गेलं की शेजारी समजून चालत, घरात एक तर मयत झालंय नाहीतर नवराबायकोचं फाटलंय. पण सिनेमाच्या कौतुकापोटी सगळे कबूल झाले. ज्याने हे ओढवून घेतलं त्याला तर तक्रार करायला तोंडच नव्हतं.

आणि नेमकी त्याचीच पंचाईत होती. त्याची बायको वर्ना टेकडीवरच्या शुश्रूषागृहात असे. तिच्या आठवणी झिरपून गेल्या होत्या. हिवाळ्यापासून ती एमिलला 'तुम्ही' म्हणू लागली होती. दार उघडून देणाऱ्या भल्या माणसाला म्हणावं, तसं. त्याचं नाव तर नाताळनंतर तिच्या तोंडून आलंच नव्हतं. दर रविवारी तो तिला जेवायला घरी आणी. अख्ख्या वाटेवर ती परक्यासारखी खिडकीबाहेर बघत राही. मात्र गाडी गल्लीत वळली आणि ती पट्ट्यापट्ट्यांनी कापलेली हिरवळ दिसली, की हात वर करून म्हणे, "आलं घर." एमिलचा आठवडा त्या दोन शब्दांवर निघत असे. ते गेले तर आपल्याकडे काही उरणार नाही, हे त्याला स्वच्छ कळत होतं.

लूने हे परस्पर रेनाच्या कानावर घातलं. ती दुपारी स्वतः येऊन पायरीवर बसली.

"तुम्ही तुमचं गवत कापा, मिस्टर हुडाक. आम्ही कॅमेरा दुसरीकडे वळवू."

"आणि ती बाई गल्लीभर चालत येते ते? मधलंच एक घर कसं वगळणार?"

"बघू काहीतरी."

"काही बघू नकोस. सगळ्या गल्लीत एकच हिरवळ कापलेली दिसली, तर थेटरात सगळ्यांत आधी मीच ओरडेन."

रेना हसली. "मिसेस हुडाकना काय वाटेल पण?"

"तिला वाटेल तू शहाणी आहेस," एमिल म्हणाला. "चाळीस वर्षं हीच कटकट ऐकलीय तिने माझी. शेवटी कुणीतरी ऐकलं म्हणेल."

हे तो छातीठोक बोलला खरा. पण वर्नाला यातलं काहीच म्हणता येणार नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी ती धड असती तर हेच म्हणाली असती, आणि तिच्या वतीने दिलेला शब्द मोडायला त्याचं मन होईना.

पहिले काही रविवार निभावले. गवत वाढलं, तरी हिरवळीचं रूप टिकून होतं, आणि वर्ना "आलं घर" म्हणत राहिली. मग शुश्रूषागृहात तापाची साथ आली आणि ये-जा बंद झाली. एमिल खिडकीतून हात हलवून परतायचा. तोवर इकडे गवताने गुडघा गाठला, त्याला तुरे आले, त्यात पिवळी रानफुलं माजली. साथ ओसरली, तेव्हा चित्रीकरण ऐन भरात होतं.

त्या रविवारी एमिल वर्नाला घेऊन निघाला. सकाळीच त्याने कोबी आणि लोण्यात परतलेल्या हलुश्की नूडल्स करून झाकून ठेवल्या होत्या. वर्नाने निळा स्वेटर घातला होता आणि मांडीवर पर्स धरली होती.

गल्लीच्या तोंडाशी मढी जेवायला बसली होती. रंग पुसला जाऊ नये म्हणून कुणी सँडविचचे बारीक तुकडे तोडून जिभेवर ठेवत होतं, कुणी नळीने सरबत ओढत होतं. बऱ्याच जणांना चष्मे होते. गाडी दिसताच फाटक्या गळ्याच्या एका जाड्या मढ्याने उठून वाटेतला अडसर बाजूला केला आणि अदबीने मान लववली.

"थकलेत बिचारे," वर्ना म्हणाली आणि तिने त्याला हात केला.

एमिलने गाडी घरासमोर थांबवली. इंजिन चालूच होतं. वर्नाची नजर गवतावरून सावकाश फिरली, व्हरांड्याच्या पायऱ्यांपर्यंत गेली आणि परत आली. एमिल तिच्या हाताकडे बघत राहिला. हात पर्सवरून हलला नाही.

"अरे देवा," ती हळूच म्हणाली. "एमिल गेला वाटतं."

त्याला आपण काय ऐकलं ते लगेच उमगेना.

"कोण गेलं?"

"माझा नवरा." ती त्याच्याकडे वळली. तिचे डोळे भरून आले होते. "तो असता तर एवढं गवत वाढू दिलं नसतं त्याने. कधी गेला? मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

मीच एमिल, हे शब्द त्याच्या ओठांवर आले. शुश्रूषागृहात ते त्याने कितीदा सांगून पाहिले होते. दरवेळी ती सभ्यपणे हसे आणि मग थोडी बिचकून बसे. त्याने ते गिळले. त्याचं नाव तिला आठवलं होतं, ती त्याच्यासाठी रडत होती, आणि एमिलला एकाच वेळी इतका आनंद आणि इतकं दुःख कधी झालं नव्हतं. त्याने इंजिन बंद केलं.

"वाईट झालं," तो म्हणाला. "कसा होता हो तो?"

वर्नाने पर्समधून रुमाल काढला, नाक पुसलं आणि विचार केला.

"कटकट्या. एक सिनेमा धड बघू दिला नाही. ती मढी चालून यायला लागली की याचं सुरू. पेट्रोल कुठून आलं, वीज कोण सोडतं, गवत कोण कापतं."

"वैताग येत असेल तुम्हाला."

"छे हो." तिने आवाज खाली आणला, मागे बसून कुणी ऐकत असावं तसा. "मला त्या सिनेमांची फार भीती वाटायची. अंगाला कापरं भरायचं. त्याला कधी बोलले नाही, हसला असता. पण हा बोलायला लागला की भीती कुठल्या कुठे पळायची. बाजूला कुणीतरी पेट्रोलवरून भांडत असलं, की मढी नुसतीच माणसं वाटतात." तिने रुमालाची घडी घातली. "त्याला सगळं कळत होतं. माझ्यासाठी मुद्दाम करायचा तो."

एमिलला काहीही कळलेलं नव्हतं. चाळीस वर्षं तो खरोखरच पेट्रोलवरून भांडत होता.

"मुद्दाम करायचा ना?" वर्नाने विचारलं. "तुम्ही ओळखत होता त्याला?"

"हो," एमिल म्हणाला. "मुद्दामच करायचा."