एका वाचकाची चौकशी

व्हर्नाने फाटक्या कण्याच्या पुस्तकावर गोंदाचा हात फिरवला, कापडाची पट्टी दाबून बसवली आणि ती उचकटू नये म्हणून वर दोन जाड शब्दकोश ठेवले. आयला शेजारी उभी राहून ते सगळे उरकेपर्यंत थांबली.

"एक वाचक आहे," ती म्हणाली.

"असतातच."

"परदेशात ग्रंथपालाची नोकरी शोधायचीय. कुठे शोधायची, आणि मिळाली तर ती चांगली की वाईट हे लांबून कसं ओळखायचं, असा प्रश्न आहे."

व्हर्नाच्या बोटांना गोंद लागला होता. ती तो फडक्याने पुसत राहिली, जरा जास्तच वेळ. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात ग्रंथपाल म्हणावीत अशी तीनच माणसे होती. त्यातल्या कर्टिसला, म्हणजे त्यांच्या संचालकाला, शेजारच्या गावी बैठकीला जायचे तरी जिवावर यायचे. उरल्या या दोघी.

"बघते," व्हर्ना म्हणाली. "घाई आहे का?"

"फार नाही."

नाव तिने विचारले नाही. संदर्भ विभागाचा तो पहिला नियम होता, आणि आयला नवीन लागली तेव्हा व्हर्नानेच तो तिला शिकवला होता. वाचकाने काय विचारले ते त्याच्यात आणि टेबलात राहते. अडले तर सहकाऱ्याची मदत घ्यावी, पण प्रश्न कुणाचा हे सांगू नये आणि दुसऱ्याने ते विचारू नये. एवढ्याशा गावात मूळव्याधीवरचे पुस्तक कोण घेऊन गेले हे एकदा बाहेर पडले, की उद्या कोण येणार? वाचकाला 'का हवंय' असेही तोंडावर विचारायचे नाही. इकडचे तिकडचे विचारत राहायचे, की खरी गरज आपोआप वर येते. मधमाश्यांची पुस्तके मागणाऱ्या म्हाताऱ्याला मधमाश्या पाळायच्या नव्हत्याच, शेजाऱ्याच्या पोळ्यांवर दावा ठोकायचा होता, हे व्हर्नाने असेच काढून घेतले होते.

आयलाची खरी गरज मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. जानेवारीत ग्रंथालय मंडळाने कळवले होते की मे अखेरीपासून संदर्भ विभागात दोनऐवजी एकच जागा राहील. कुणाची जाणार ते कळवले नव्हते. पण कर्टिसने एक दिवस दार लावून घेऊन आयलाला सांगितले, की मंडळ पगाराकडे बघणार आणि व्हर्नाचा पगार जास्त आहे. कुणी आपणहून सोडून गेले तर गोष्ट वेगळी.

व्हर्नाच्या नोकरीवर तिच्या नवऱ्याचा, लायलचा, आरोग्यविमा होता. लायलच्या सांध्यांना दर महिन्याला जे इंजेक्शन लागे, ते विम्याशिवाय घ्यायचे तर घर विकावे लागले असते आणि तेही फार पुरले नसते. म्हातारपणीचा सरकारी विमा लागू व्हायला अजून तीन वर्षे होती. मागे एकदा कागदपत्रांच्या घोळात ते इंजेक्शन लांबले, तेव्हा आयला त्यांच्याकडे जेवायला होती. लायलने चमचा दोन्ही हातांत धरायचा प्रयत्न केला, मग खाली ठेवला आणि भूक नाही म्हणाला. व्हर्ना तेव्हा उठून उगाच चुलीकडे गेली होती.

आयलाला ते पाहवले नव्हते. तिला मागे ओढणारे नवरा, मुले असे कुणी नव्हते. होते ते आजोबांनी बांधलेले घर, काठावरचे त्यांचे सौना, म्हणजे वाफ घेण्याची खोली, आणि रविवारची गायनमंडळी. देशात जिकडे विचारावे तिकडे ग्रंथालये माणसे कमीच करत होती. म्हणून परदेश.

व्हर्ना कामाला लागली ती वाचक खरा असल्यासारखी. त्याच आठवड्यात सकाळची कॉफी ओतता ओतता तिने विषय काढला.

"तुझ्या त्या वाचकाला सांग, आखातातल्या शाळेच्या पगारावर भुलू नकोस म्हणावं. राहायला घर देतात म्हणे. एकटीला देतात की आणखी दोघींबरोबर, ते लिहिलेलं नाही. पासपोर्ट कुणाच्या कपाटात राहणार, तेही नाही."

"विचारून घेते... म्हणजे, सांगते मी त्याला."

"आणि स्कॉटलंडचं ते बेट. दोन वर्षांत तीच जाहिरात तिसऱ्यांदा आलीय. माणूस टिकत नाही तिथे. एक तर वारा तरी भयंकर असेल, नाहीतर मंडळाचा अध्यक्ष."

"आपल्याकडे वारा काय कमी आहे?"

"म्हणून तर म्हणते, अध्यक्षच असणार."

दोघी हसल्या. आयलाने वेलदोडा घातलेला पाव कापला आणि शेवटाचा कडक तुकडा व्हर्नाच्या बशीत ठेवला. इतक्या वर्षांत एक खोडी काढणार आणि दुसरी ती परतवणार, असेच त्यांचे दिवस गेले होते. आता त्या वाचकाच्या आडून बोलायची गंमतही त्यांना जमून गेली होती. वाचकाला दमट हवा सोसेल का, वाचक मासे खातो का, वाचकाला गाणारी माणसे भेटतील का. हे शेवटचे व्हर्नानेच विचारले आणि लगेच परत आलेली पुस्तके लावायला निघून गेली.

मार्चमध्ये न्यूझीलंडची जागा निघाली. दक्षिणेकडच्या बेटावर, समुद्रकाठचे लहान गाव. स्थानिक इतिहासाचा विभाग, पगार बरा, इकडची पदवी चालणारी, पुढे कायम होण्याची शक्यता. त्यांनी आयलाची मुलाखत पडद्यावर घेतली आणि चार दिवसांत होकार कळवला. उत्तर शुक्रवार संध्याकाळपर्यंत हवे होते.

"मला ही जागा पटतेय," व्हर्ना म्हणाली. "पण ग्रंथालय जोखायचं तर जाहिरात वाचून कळत नाही. साधा वाचक होऊन तिथे फोन करायचा आणि काहीतरी विचारायचं. उत्तर कसं देतात त्यावरून घर कळतं. शुक्रवारपर्यंत वेळ आहे ना त्याच्याकडे?"

"शुक्रवारपर्यंत," आयला म्हणाली.

गुरुवारी आयलाची पाळी दुपारी संपली. घरी जाऊन तिने सौना तापवले, खूप वेळ आत बसली, ओल्या केसांनी बाहेर आली आणि संगणकापुढे बसून होकार पाठवून दिला. पाठवल्यावर तिला हायसे वाटेल असे वाटले होते. तसे झाले नाही. ती चक्क रडली आणि मग स्वतःचाच राग येऊन भांडी घासायला उठली.

शुक्रवारी सकाळी ती आधी कर्टिसच्या खोलीत जाऊन आली. कर्टिसने तिचा हात दोन्ही हातांत धरला. त्याला वाईट वाटले होते आणि सुटल्यासारखेही झाले होते, आणि दुसरे त्याला लपवता आले नाही.

संदर्भ टेबलाशी व्हर्ना कोट न काढताच बसली होती.

"काल तू गेल्यावर मी तिथे फोन केला," ती म्हणाली. "घरी फोन करून सांगावं असं नव्हतं ते. ये, बैस."

आयला बसली नाही.

"बंदराचा एक जुना फोटो हवाय, असं विचारलं मी. पोरगी गोड होती. म्हणाली, आमच्या इतिहासवाल्या बाई बाळंतपणाच्या रजेवर आहेत, पुढच्या मार्चला येतील, तोवर बदलीचं माणूस येतंय." व्हर्नाने चष्मा काढला. "त्या बाईंची जागा आहे ती. त्या परत येणारच आहेत, दिवससुद्धा ठरलाय. कायम होण्याची शक्यता वगैरे सगळं तोंडदेखलं. वर्षभरानं तुझा वाचक तिथे रस्त्यावर. इकडचं घर मोडून गेलेला, आणि हातात काही नाही."



"जाऊ नको म्हणावं त्याला," व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज नेहमीचाच होता. "आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे अजून."

हे बोलून तिने काय सोडले होते ते दोघींनाही ठाऊक होते. नुसती गप्प बसली असती तर तिची जागा आपोआप वाचली असती. काल दुपारी तो फोन ठेवल्यापासून आत्ता कोट न काढता इथे बसेपर्यंत, सबंध रात्र तिने लायलच्या शेजारी कशी काढली असेल, हे आयलाच्या डोळ्यांपुढे आले.

"तिथली शुक्रवार संध्याकाळ होऊन गेली, व्हर्ना," ती म्हणाली. "आपल्या गुरुवारी रात्रीच."

व्हर्नाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. आयुष्यभर लोकांना जगातल्या वेळा सांगत आलेली बाई, पण वाचकाचा शुक्रवार तिने आपल्याच गावचा धरला होता.

"मग?"

"काल होकार गेला."

"मागे घ्यायला सांग. आत्ता लिही. चूक झाली म्हणावं."

"नाही घ्यायचा मागे. कर्टिसलाही सांगून झालंय."

व्हर्ना उठली आणि पुन्हा बसली. तिचे तोंड लाल झाले.

"मग मला कशाला राबवलंस महिनाभर? मी काय भीक मागितली होती तुझ्याकडे?"

दरवाजाजवळ वर्तमानपत्र वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर केली. आयलाने आवाज खाली आणला.

"तू चांगली म्हणालीस तर मला निघवेल, असं वाटलं होतं. बाकी कुणाचं मी ऐकलं नसतं."

"आणि आता मी वाईट म्हणाले."

"हो."

"तरी जाणार."

"हो."

बाहेर बर्फ ढकलणारी गाडी रस्त्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली.

"लायल रोज संध्याकाळी विचारतो, काही कळलं का म्हणून," व्हर्ना अखेर म्हणाली. "त्याला काय सांगू मी?"

"सांग, इंजेक्शन चालू राहणार."

व्हर्नाने दोन्ही हातांनी चेहरा झाकला. आयलाला तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता, पण इतक्या वर्षांत त्यांनी असे काही केले नव्हते आणि आज सुरुवात केली असती तर दोघीही तिथेच कोसळल्या असत्या. ती उभीच राहिली.

मग व्हर्नाने नाक पुसले, कोट काढून खुर्चीच्या पाठीला अडकवला आणि चष्मा चढवला. टेबलापलीकडची, वाचकांसाठीची खुर्ची तिने पायाने थोडी मागे सरकवली.

"तू तिकडे बैस."

आयला वळसा घालून गेली आणि त्या खुर्चीत बसली. तिथून टेबल तिला वाटत होते त्यापेक्षा उंच होते.

"बोला," व्हर्ना म्हणाली. कुणालाही विचारायची तशीच. "काय हवंय तुम्हाला?"



"मला जायचं नाहीये," आयला म्हणाली.

व्हर्नाने मान हलवली. तिचे डोळे पुन्हा भरले होते, पण बोटे संगणकावर येऊन थांबली होती.

"ते आमच्याकडे मिळणार नाही," ती म्हणाली. "वर्षभरानं परत यायला काय काय लागतं, ते बघू या?"

आयलाने खुर्ची पुढे ओढली, आणि दोघी शोधायला लागल्या.