जिवंत माणसांचा बँड

शालीकरामने घडी घातलेला कागद काउंटरवर उलगडला, तळहाताने सारखा केला आणि अल्काकडे सरकवला. दुसरा हात त्याने तोंडावर धरला होता. दोन वर्षांपूर्वी वरचे दात गेले, तेव्हापासून ती सवयच लागली होती. कवळी होती, पण ती बहुधा सदऱ्याच्या खिशात असे.

"एकच काढायचं," तो म्हणाला.

"एक?" अल्काने मान वर केली. "पाम्पलेट हाये का दाखला, मास्तर?"

दिवाळी तोंडावर आली होती. मंडईतल्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांतल्या नाटकांचा मोसम सुरू व्हायचा होता, त्यामुळे अर्जुनी मोरगावच्या त्या एका खोलीच्या छापखान्यात पाम्पलेटांच्या गठ्ठ्यांतून वाट काढावी लागत होती. एके काळी त्यातल्या निम्म्यांवर शालीकराम मेश्रामचं नाव असे. झाडीपट्टीतल्या नाटकांना तीस वर्षं त्याचंच क्लॅरिओनेट. मग दात गेले. कवळी लावून फुंकून पाहिलं, तर सूर कमी आणि वाराच जास्त. त्याच सुमारास ऑर्गनवाल्या चंद्रशेखरकडे नवं यंत्र आलं. त्यातलं एक बटण दाबलं की क्लॅरिओनेट वाजतं, दात असोत की नसोत. कंपन्यांनी शालीकरामला नाही म्हटलं नाही. नुसतं बोलावणं बंद केलं.

अल्का कागद वाचू लागली. ट्रम्पेटला सडक अर्जुनीचा केवळराम उके. तो पूर्वी लग्नाच्या बँडमध्ये होता, आता हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढायचा. ढोलावर जंगलखात्यातला मजूर झाडू मडावी. ऑर्गनवर चंद्रशेखर बिसेन. गायला बिरसीची दुर्पताबाई. धानाच्या रोवणीत तिच्या डोक्यावरून तिथल्या धावपट्टीवरचं शिकाऊ विमान घरघरत गेलं तरी तिचा सूर केसभर हलत नसे, हे शालीकरामने बांधावर उभं राहून ऐकलं होतं.

"चंद्रशेखर पण?" अल्काने विचारलं.

"हात चांगला हाये त्याचा."

"अन् वरतं हे का लिवलं? जॅझ?"

शालीकराम जरा लाजला. तरुणपणी एक हिवाळाभर तो नागपूरच्या एका हॉटेलात बदली म्हणून वाजवायला होता. गोव्याकडच्या पिंटो मास्तरांनी त्याला ते वादन शिकवलं. पुढे चाळीस वर्षांत त्याबद्दल कोणी विचारलं नाही आणि तोही कधी बोलला नाही.

"सगळे मिळून एक गाणं धरतात," तो म्हणाला. "मंग एक जण आपल्या मनानं कुठं बी निघून जाते. बाकीचे वाजवत वाजवत त्याची वाट पाहून राह्यतात. तो वापस आला का पुन्हा सगळे संगं."

"अन् नाही आला तं?"

"येते. वाट पाहणारे असले का येते."

अल्का हसली आणि टाइप करायला लागली.

बायको सुशिला वारली त्याला चार वर्षं झाली होती. घरी आता शालीकरामची वाट पाहणारं कोणी नव्हतं. भात शिजेपर्यंत चुलीपुढे बसला की तो हा बँड जमवायचा. कोणी आधी सुरुवात करायची, कोणी थांबायचं, दुर्पताबाईचा आवाज कुठे उचलायचा, सारं ठरवायचा. नियम एकच होता, माणूस जिवंत पाहिजे. पहिलं नाव पिंटो मास्तरांचं होतं. ते गेल्याचं कळलं त्या दिवशी त्याने ते खोडलं आणि त्या रात्री तो जेवला नाही. पण नियम मोडला नाही. मेलेल्यांचा बँड कोणीही जमवेल, मेलेले काही नाही म्हणत नाहीत. जिवंत माणसं नाही म्हणू शकतात, म्हणून तर त्याने चौघांपैकी एकालाही अजून विचारलं नव्हतं. त्याला भीती वाटायची. केवळराम हसेल, चंद्रशेखर कीव करेल, आणि मग चुलीपुढे बसून जमवायलाही काही उरणार नाही.

क्लॅरिओनेटपुढे मात्र त्याने नुसती रेघ ओढली होती. ज्याच्याने फुंकवत नाही तो वादक कसला? दात होते तेव्हा असा बँड नव्हता, बँड जमला तेव्हा दात नव्हते. चण्यांची म्हण लोक उगाच सांगत नाहीत.

"तारीख का टाकू?" अल्काने विचारलं.

"तारीख नाही."

"तारखेबिना कोन्तं पाम्पलेट असते जी?"

तिने 'दिनांक' एवढंच ठेवून पुढची जागा मोकळी सोडली. यंत्र घरघरलं, कागद बाहेर आला. शालीकराम तो घेऊन दाराशी उजेडात गेला. पाचही ओळी एकाखाली एक सुरेख बसल्या होत्या. शेवटच्या ओळीवर त्याची नजर थांबली आणि तोंडावरचा हात आपोआप खाली आला.

क्लॅरिओनेट : शालीकराम मेश्राम.

"अल्का, हे मी नव्हतं लिवलं."

तिने येऊन कागदात डोकावलं. "अरे हो. जुन्याच फाइलीवर टाइप केलं ना. तुमची ओळ त्यात पहिलेपासून हाये. बाबा तं खिळे जुळवत होते तवाही ते ओळ बांधूनच ठेवत. दर साली बाकीचे नावं बदलतात, हे एक बदलवा लागत नव्हतं."

"अन् आता दोन साल?"

"कंपनीवाले सांगतात तवा काढावं लागते." ती वळून यंत्राकडे निघाली. "तुमी काही सांगतलं नाही. काढू का?"

शालीकराम ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिला. वर चार जिवंत माणसं होती आणि त्यांच्या खाली, त्यांच्याच आकाराच्या अक्षरांत, तो. तो पाठमोरा झाला, खिशातून कवळी काढून तोंडात बसवली आणि दात एकदा मिटून पाहिले.

"राहू दे," तो म्हणाला. "अजून चार काढ."

"कोनाले?"

"या चौघाइले. पहिले सडक अर्जुनीले जातो, केवळरामकडं. दुपारची एसटी हाये."

अल्काने यंत्रात कागद घातले आणि बटणावर बोट ठेवून थांबली.

"अन् तारीख, मास्तर?"

"ते आता त्याइले विचारून सांगतो."