ताईच्या नावाची बशी

आमच्या बाईंचं एक वागणं मला कधीच पटलं नाही. विद्यार्थ्याच्या हातून एक थेंब इकडचा तिकडे झाला, तर त्याला आठवडाभर धारेवर धरायच्या. स्वतःच्या हातून काही झालं, की "यंत्र जुनं झालंय" म्हणून मोकळ्या. ते यंत्र म्हणजे मी.

मित्रांनो, मला इन्क्युबेटर म्हणतात. मी स्वतःला उबेची पेटी समजते. माणसाच्या अंगात असते तेवढी ऊब, सदतीस अंश, मी पोटात धरून ठेवते. माझ्या फळ्यांवर बशा, बशांत गुलाबी पाणी आणि त्या पाण्यात जिवंत पेशी. शिक्षण विचाराल तर दारावरचे आकडे तेवढे येतात. पण चोवीस वर्षांत माझा एक अंश चुकला नाही. आजकालच्या यंत्रांनी हे करून दाखवावं.

मी कारखान्यातून आले तेव्हा बाई प्राध्यापक म्हणून नुकत्याच लागल्या होत्या. प्रयोगशाळा म्हणजे एक खिडकी, दोन टेबलं आणि मी. त्याच वर्षी त्यांची थोरली बहीण कर्करोगाने गेली. जाण्याआधी आपल्या गाठीचा नखाएवढा तुकडा तिने धाकटीच्या हवाली केला होता. "माझ्यावर नाही, तर निदान याच्यावर तरी तुझी विद्या चालव," म्हणाली होती म्हणे. बाईंनी त्या पेशी माझ्या पोटात वाढवल्या. झाकणावर काळ्या शाईने लिहिलं, 'ताई'.

तेव्हापासून रोज सकाळी दार उघडायचं आणि बाई विचारायच्या, "काय ताई, झोप लागली का?"

माणूस गेलेलं, आणि त्याचं मांस माझ्या पोटात वाढतंय. माझ्या पत्र्यालाही शहारा यायचा.

बाई विद्यार्थ्यांना सांगायच्या ते ऐकून ऐकून मला पाठ झालं. पेशीच्या दारावर निरोप घेणारे बसलेले असतात. बाहेरून 'वाढा' किंवा 'पुरे' असा निरोप आला, की तो एकाकडून दुसऱ्याकडे जात गाभ्यापर्यंत पोचतो. कर्करोगात बाहेरून कोणी काही सांगत नाही, तरी आत 'वाढा, वाढा' चालूच. मधलाच एखादा निरोप्या हेका धरून बसलेला असतो. ताईच्या पेशींतला तो हेकट शोधायचा, हे बाईंनी आयुष्याचं काम ठरवलं.

ताईच्या पेशी संथ होत्या. बशी भरायला पंधरवडा लागायचा. पुढे शेजारच्या प्रयोगशाळेतून दुसऱ्या पेशी आल्या, कोणा अनोळखी बाईच्या. तीही केव्हाच गेलेली. एका दुपारी आमच्या बाईंना फोन आला. ताईची मागे राहिलेली लेक तापाने फणफणली होती. घाईघाईत बाईंनी एकाच नळीने गुलाबी पाणी आधी परक्या बशीत घातलं, मग ताईच्या. नळीच्या टोकाला एखादीच पेशी चिकटली असेल. भटाला दिली ओसरी, भट हळूहळू पाय पसरी. दोन-तीन महिन्यांत ताईची बशी तीन दिवसांत भरायला लागली.

"ताईने उभारी धरली," बाई म्हणाल्या.

पोटातलं पोटालाच कळतं. ताई त्या बशीत उरली नव्हती.

पुढे वीस वर्षं बाईंचं नाव गाजलं. हेकट निरोप्या सापडला, लेख छापले, मानपत्रं आली. माझाही फोटो एका पुस्तकात आला, कोपऱ्यात, अर्धाच. पेशींची ओळख एकदा तपासून घ्या, असं कोणी सुचवलं की बाई फणकारायच्या, "माझ्या बहिणीला मी ओळखणार नाही?" आणि सकाळी पुन्हा तीच हाक. आत जी कोण होती, ती वीस वर्षं दुसरीच्या नावाची हाक ऐकत राहिली. तिला तिच्या घरी काय म्हणायचे, कोणास ठाऊक. हाक आली की कधी कधी बशीतलं पाणी थरथरायचं. पंख्याची हवा असेल. मी ते पंख्यावर ढकलते.

भाची मोठी झाली आणि मावशीच्याच हाताखाली संशोधन करायला आली. आल्या आल्या तिने माझं तळाचं पाण्याचं तबक घासलं. कितीक वर्षांत कोणी हात लावला नव्हता. यंदा लेख छापायला नियतकालिकाने पेशींच्या ओळखीचा दाखला मागितला, तेव्हा तिनेच पेशी तपासायला पाठवल्या. सोबत स्वतःच्या गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळाही दिला. आईचं आपल्यात काय काय उतरलंय, एवढंच तिला बघायचं होतं.

कागद आला, ती माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली.

"मावशी, जुळत नाही."

"काय जुळत नाही?"

"मी आणि आई. आमचं काही नातंच नाही यात."

"घोळ घातला असेल त्यांनी."

"दोनदा केलंय. मी लहान असताना तू म्हणायचीस, तुला दवाखान्याच्या दारातून उचलून आणलं. थट्टाच होती ना ती?"

बाईंनी कागद पालथा घातला. "बघू."

"दुसरं कोणी असतं तर म्हटलं असतं, पेशी मिसळल्या. पण तुझ्या हातून तसं व्हायचं नाही."

बाईंची नजर टेबलावरच्या नळीकडे गेली. त्यांना सगळं उमगलं होतं. पण खरं बोललं तर वीस वर्षांचं काम पाण्यात. त्या गप्प बसल्या, एक दिवस नाही, नऊ दिवस. पोर येता-जाता माझ्या काचेत आपलं नाक आणि हनुवटी न्याहाळायची. सकाळी दार उघडायचं, पण हाक यायची नाही.

नवव्या दिवशी भाची म्हणाली, "उद्या बाबांनाच विचारते. परकी तर परकी, निदान कळेल तरी."

"त्यांना नको विचारूस."

"मग कोणाला विचारू?"

बाई उठल्या. गोठवणीच्या टाकीत तळाशी ताईच्या पेशींची पहिल्या वर्षीची एकच कुपी उरली होती. तिच्यातलं थोडं तपासायला गेलं, बाकीचं माझ्याकडे आलं. मी होती नव्हती ती ऊब लावली. पण मधल्या काळात टाकीतला गोठवणारा द्रव एकदा आटला होता. एकही पेशी बशीला धरून राहिली नाही, सगळ्या पाण्यावर तरंगल्या. तपासणीत मात्र ती भाचीची आईच निघाली.

बाईंनी तो कागद तिच्या टेबलावर ठेवला आणि पत्रं लिहायला बसल्या. अकरा लेख मागे घेतले, 'चूक माझी' म्हणून सही केली. 'ताई' लिहिलेल्या त्या परक्या बशीत पेशी मारणारं ब्लीच ओतलं. त्या अनोळखी बाईला कोणी निरोप दिला नाही. मी शेवटच्या मिनिटापर्यंत तिची ऊब कमी केली नाही.

मित्रांनो, झाकणावर नाव लिहिलंत म्हणजे झालं असं समजू नका. आत कोण आहे, ते अधूनमधून बघत जा.

आज बाई माझ्या रिकाम्या फळ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. भाची पलीकडे पाठ करून बसलेली. ती मावशीशी बोलत नाही. माझं बोलणं घरघर म्हणून सोडून देतील, तरी मी बोललेच.

"बाई, आजवर मान दिला, आज नाही देत. थेंब मिसळला तो हाताचा दोष, तोही पोरीच्याच काळजीपायी. तो मी केव्हाच पोटात घातला. पण ताईने मागे दोन गोष्टी ठेवल्या होत्या, एक तुकडा आणि एक लेक. लेक समोर सुकत होती आणि तू मेलेल्या तुकड्याची अब्रू राखत बसलीस. जगाला पत्रं पाठवलीस. पोरीला अजून तोंडाने 'चुकले' म्हणाली नाहीस. ती चार पावलांवर बसलीय. जा."